लोणार आणि चांभारगोंदे : गावाच्या नावातला कष्टकरी

गावाला हे नाव कसे पडले, असा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यात विचारून पाहावा. ‘ठाऊक नाही’ असे उत्तर सहसा मिळत नाही. पारावर बसलेला एखादा म्हातारा, देवळातला पुजारी, शाळेतले गुरुजी, कोणी ना कोणी गोष्ट सांगतोच. वनवासात पांडव इथे थांबले होते, रामाने इथे बाण मारून पाणी काढले, देवीने इथे दैत्य मारला. गोष्ट ऐकताना आपण माना डोलावतो. पण ती गावाच्या कोणत्या आळीतून आली, ती सांगण्याचा मान कोणाकडे होता आणि ती सांगितली जात असताना कोण कुठे उभा होता, हे विचारायचे राहून जाते. लोककथा म्हटली की ती सगळ्या लोकांची, असे आपण धरून चालतो. जे गावच वेशीच्या आत आणि वेशीच्या बाहेर असे दोन ठिकाणी वसले, त्याची लोककथा तेवढी एकच कशी असेल?

महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवताना स्थलनामकथांचा भाग येतो. पुस्तकांत त्यांची वर्गवारी केलेली असते : देवदेवतांच्या कथा, वीरांच्या कथा, झाडापाण्याच्या कथा. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून काढतात. या वर्गवारीने एक मोठी सोय होते. ज्याच्या श्रमावर गाव उभे राहिले त्याचा रकानाच तिच्यात नाही, त्यामुळे तो शोधावाही लागत नाही. पुढे दोन गावांची नावे घेतली आहेत, ती हा रकाना भरता येतो का हे पाहण्यासाठी. एक गाव वऱ्हाडातले, लोणार. दुसरे नगरकडचे, चांभारगोंदे. हे दुसरे नाव आज नकाशावर सापडणार नाही. ते का सापडत नाही, हाही या लेखाचाच विषय आहे.

लोणार हे बुलडाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. गावाला लागून जमिनीत एक प्रचंड वाटीसारखा खळगा आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर. तळाशी खारे सरोवर. काठावरून गोड्या पाण्याची धार आत पडते, आणि खाली मात्र पाणी इतके खारट, सोड्याने इतके भरलेले की तोंडात धरवत नाही. असे दृश्य समोर असताना गोष्ट जन्माला येणारच.

गोष्ट अशी सांगतात. इथे जमिनीखाली लोणासुर, म्हणजे लवणासुर, नावाचा दैत्य राहत होता. त्याने भोवतालचा मुलूख उद्ध्वस्त केला, देवांनाही आव्हान दिले. देव विष्णूकडे गेले. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले आणि दैत्याच्या दोन बहिणींना मोहात पाडून भावाच्या लपण्याची जागा त्यांच्याकडूनच काढून घेतली. मग पायाच्या अंगठ्याच्या एका स्पर्शाने त्याने त्या विवराचे झाकण उडवून दिले. आत दैत्य झोपला होता. झटापट झाली, विष्णूने त्याला मारले आणि तिथेच गाडले. सरोवर म्हणजे ते विवर. पाणी म्हणजे दैत्याचे रक्त. पाण्यातला क्षार म्हणजे त्याचे कुजलेले मांस. उडालेले झाकण नैर्ऋत्येला पस्तीस-छत्तीस मैलांवर जाऊन पडले आणि तिथे शंकूसारखी टेकडी झाली. गावात दैत्यसूदनाचे कोरीव दगडी मंदिर आहे. सूदन म्हणजे मारणारा. मंदिर मारणाऱ्याचे आणि गाव मेलेल्याच्या नावाचे, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी एकट्या लोणारची नाही. शेजारचे मेहकर घ्या. तिथली कथा अशी की मेघंकर नावाच्या राक्षसाला विष्णूने शार्ङ्गधराच्या रूपात मारले आणि त्या राक्षसावरून गावाला मेहकर म्हणू लागले. कोल्हापुरात महालक्ष्मीने कोल्हासुराला मारले. मरताना त्याने वर मागितला की या क्षेत्राला माझे नाव राहावे. आजही ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात, तो त्या दैत्यवधाची आठवण म्हणून. बिहारातल्या गयेची कथा गयासुराची. तो तर इतका पुण्यवान होता की त्याच्या नुसत्या स्पर्शाने माणसे उद्धरून जात, आणि नेमके हेच देवांना अडचणीचे झाले. विष्णूने त्याच्या देहावर पाय ठेवला. त्या पावलाचे मंदिर आहे, आणि गावाला नाव दैत्याचे आहे. म्हैसूर महिषासुराचे.

या कथांमध्ये पाय फार वेळा येतो. बळीच्या डोक्यावर वामनाचा पाय, गयासुराच्या अंगावर विष्णूचा पाय, लोणासुराच्या झाकणाला विष्णूचा अंगठा. ज्या धर्मग्रंथांनी शूद्राचा जन्म पायापासून सांगितला, त्यांच्या कथांत पराभूताच्या वाट्यालाही पायच यावा, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. पण ते इथेच सोडू. कथेतला आणखी एक भाग अधिक बोलका आहे, तो बहिणींचा. लढाई समोरासमोर जिंकलेली नाही. घरातल्या बायांना फसवून, झोपलेल्याला गाठून ती जिंकली आहे. आणि कथा हे लपवतही नाही. जिंकणाऱ्याला आपल्या कपटाची लाज वाटत नाही, तेव्हाच ते असे उघडपणे सांगितले जाते.

आता नावाकडे येऊ. लवण या शब्दाचे प्राकृतात लोण झाले. मधल्या ‘अव’चा ‘ओ’ होणे हा भाषेचा नेहमीचा व्यवहार आहे. नवनीताचे लोणी झाले ते याच वाटेने. लोणचे हा शब्दही लवणाच्याच घरातला. (एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. ‘लोण’ दिसले की मीठ, असे करू नये. लोणावळ्याचा संबंध लेण्यांशी लावतात, आणि लोणी नावाच्या गावांत तर दुभत्याचे लोणीही असू शकते.) लोणारच्या बाबतीत शंकेला जागा नाही, कारण खारे सरोवर डोळ्यांसमोर आहे.

राहिला शेवटचा ‘आर’. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार. त्याच न्यायाने लवणकाराचा लोणार. लोणार म्हणजे मीठ तयार करणारा. संस्कृतात ‘आकर’ म्हणजे खाण. तेव्हा लवणाकर, म्हणजे मिठाची खाण, यावरूनही लोणार होऊ शकते. ध्वनीच्या नियमांत दोन्ही बसतात. पहिली व्युत्पत्ती घेतली तर गावाच्या नावात कारागीर आहे, दुसरी घेतली तर कारागिराच्या कामाची जागा आहे. दैत्य दोन्हींत नाही. महाराष्ट्रात लोणारी नावाची जातही आहे. मीठ, चुना, कोळसा करणे हे तिचे परंपरेने चालत आलेले धंदे, आणि तिचे नावही लवणावरूनच आले आहे. लोणारच्या सरोवरातले काम याच जातीने केले असा माझा दावा नाही. शब्द कोणत्या घरातला आहे, एवढेच दाखवायचे आहे. लोहारा हे गावाचे नाव ऐकले की आपल्याला लोहार आठवतो, तिथे कोणी लोहासुर शोधत बसत नाही. लोणारला मात्र लोणासुर सापडला.

आणि सरोवरातून काय निघत होते, हे कागदोपत्री आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-ई-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती दिली, तीत लोणार येते. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, हे तो नोंदवतो. त्याच दमात हेही नोंदवतो की काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि इथल्या क्षारापासून चांगला महसूल येतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही या खळग्यातून सरकारच्या तिजोरीत पैसा जात होता. पुढे १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यांच्या काळातल्या नोंदींत इथल्या क्षाराच्या प्रतींची नावे आढळतात : दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ही नावे पुराणिकाने ठेवलेली नाहीत. ज्याने पाण्यात उतरून हाताने क्षार काढला, खडा कोणता आणि भुगा कोणता हे बोटांनी ओळखले, त्याने ती ठेवली आहेत. पापडाच्या पिठात पडणारा खार, कपडे धुण्याचा सोडा, बांगडीची काच, कापडाची रंगणी, एवढ्या धंद्यांना हा माल लागायचा. वऱ्हाडातल्या किती घरांच्या पापडांत त्या अज्ञात हातांची मेहनत उतरली असेल!

ते काम कसले होते, याची थोडी कल्पना करावी. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा क्षार वर येतो, म्हणजे काम ऐन उन्हाळ्यातले. खळग्याच्या तळाशी वारा नाही, वरून वऱ्हाडचे ऊन. पाण्याचा विम्लतेचा आकडा दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखे, कातडी खाणारे पाणी. त्यात गुडघाभर चिखल. चिखलातून बाहेर आलेला ओला माल डोक्यावर घेऊन खळग्याची उभी चढण चढायची. कथेने या क्षाराला दैत्याचे कुजलेले मांस म्हटले. ज्यांचे पाय त्या पाण्यात सोलले जात होते त्यांना मांस कोणाचे, हे कोणी विचारले असते तर उत्तर वेगळे मिळाले असते.

हे सरोवर उल्केच्या आघाताने झाले, हे आता सर्वमान्य आहे. पूर्वी ते ज्वालामुखीचे मुख समजले जाई. १९७३ साली इथल्या दगडांत आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारी काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. बेसाल्टच्या खडकात झालेले असे विवर जगात फारच दुर्मीळ. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. पुढे आरगॉनच्या पद्धतीने केलेल्या मापनात ते सुमारे पावणेसहा लाख वर्षे निघाले. हे आकडे मी मुद्दाम देतो. कारण हल्ली एक नवीनच पुराण सुरू झाले आहे. दैत्याच्या विवराचे झाकण उडाले म्हणजे आपल्या पूर्वजांना उल्कापात माहीत होता, असे शिकलेली माणसे सांगतात. पावणेसहा लाख वर्षांपूर्वी आजच्या जातीचा माणूसच पृथ्वीवर नव्हता, तर मग पूर्वज कोणाचे आणि आठवण कोणाची? २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हाही ज्यांना गोष्ट ठाऊक त्यांना दैत्याचे रक्त आठवले असणार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खारटपणा वाढल्यावर जोमाने वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. त्यामुळे आज लोणार पाहायला येणाऱ्याला दोन गोष्टी ऐकायला मिळतात, एक दैत्याची आणि एक उल्केची. दोन्ही आकाशातून खाली येतात. खालून वर मीठ वाहणाऱ्याची तिसरी गोष्ट गावाच्या नावातच पडून आहे.

इथे आपल्या चळवळीतला वाचक म्हणेल की हे तर महात्मा फुल्यांनी केव्हाच सांगितले आहे. खरेच आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीरावांनी दशावतारांच्या कथा उलटून वाचल्या. दैत्य म्हणून ज्यांना मारले ते इथले राजे होते, बळी हा रयतेचा राजा होता, खंडोबा आणि म्हसोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी होते, अशी त्यांनी मांडणी केली. बाबासाहेबांनीही नावांकडे असेच पाहिले. १९५६ च्या ऑक्टोबरात धर्मांतरासाठी नागपूर का निवडले याचा खुलासा करताना त्यांनी नाग लोकांचा आणि या नगरातून वाहणाऱ्या नाग नदीचा दाखला दिला. बुद्धाचा धर्म पसरवणाऱ्या नागांची ही भूमी, म्हणून हे ठिकाण, असे ते म्हणाले. लाखो लोकांनी त्या दिवसापासून नागपूर हे नाव निराळ्या कानांनी ऐकले.

ही परंपरा आपली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. लोणासुर हा आमचा राजा होता, असे व्यासपीठावरून सांगणारे कार्यकर्ते मी ऐकले आहेत. टाळ्या पडतात. पण पुरावा विचारला की हातात काही राहत नाही, आणि समोरचा विद्वान नेमके तेवढेच पकडून आपले सगळे म्हणणे उडवून लावतो. लवण नावाचा दैत्य एका लोणारचा नाहीच. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात शत्रुघ्न लवणाला मारतो तो मथुरेकडे. दैत्य तयार होता. जिथे खारे पाणी दिसले तिथे त्याला आणून बसवणे सोपे होते. (त्याच उत्तरकांडात लवणवधाची कथा संपली की थोड्याच पुढे शंबूकाचा वध येतो. दैत्य मारून झाला, आता तप करणारा शूद्र मारायचा. हा क्रम आपल्या विद्यार्थ्यांनी मूळ ग्रंथ उघडून स्वतः पाहावा.)

जोतीरावांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राच्या कसोटीला सगळ्याच उतरतात असे नाही, आणि त्यांनी त्या त्यासाठी लिहिल्याही नव्हत्या. कथेत मार खाणारा कोण, असा प्रश्न विचारायला त्यांनी शिकवले. तो प्रश्न लोणारला विचारला की मला सिंहासनावर बसलेला राजा दिसत नाही. चिखलात उभा असलेला मीठकरी दिसतो. आपल्याला प्रत्येक वेळी पूर्वज म्हणून राजाच का हवा असतो, हे मला कळत नाही. राबणारा पूर्वज पुरेसा नाही का?

लोणारमध्ये कष्टकऱ्याचे नाव राहिले आणि त्याच्यावर दैत्याचे कातडे चढवले गेले. दुसऱ्या गावात याच्या उलटे घडले. तिथे कष्टकऱ्याचे नाव, त्याच्या जातीसकट, उघडपणे गावाला होते. ते पुसले गेले.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदे हे तालुक्याचे गाव आहे. साखरेचा पट्टा, ऊस, बाजारपेठ. सतराव्या शतकातले संत शेख महंमद यांची समाधी इथे आहे. मुसलमान घरात जन्मून त्यांनी विठ्ठलभक्तीची मराठी कविता लिहिली. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र हे गाव श्रीगोंदे म्हणून येत नाही. तिथे ते चांभारगोंदे आहे. १८८४ च्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या नावाचे कारण दिले आहे : गोविंद नावाचा एक भाविक चांभार इथे होऊन गेला, त्याच्यावरून हे नाव पडले. गोविंदाचे गोंदा, गोंद्या हे रूप आपल्या खेड्यांत आजही घराघरांत ऐकू येते. चांभार गोंदा, त्याचे गाव चांभारगोंदे. इतके सरळ.

एखाद्या चांभाराच्या भक्तीची एवढी मातब्बरी वाटावी की अख्ख्या कसब्याला त्याचे नाव पडावे, ही आपल्या इतिहासातली साधी घटना नव्हे. बामणवाडे, देशमुखवाड्या कितीतरी आहेत. राजे-सरदारांच्या नावांची गावे तर मोजता येणार नाहीत. पण कातडे कमावणाऱ्या माणसाचे नाव परगण्याच्या कारभारात, दरबारी पत्रांत, सनदांत लिहावे लागत होते. आपण ज्याला दारात उभे करत नाही त्याचे नाव कारकुनाला दौतीत बोरू बुडवून रोज उमटवावे लागत होते. मला तर ही कल्पनाच मोठी गंमतीची वाटते.

पुढे ‘चांभार’ गळाले आणि ‘श्री’ आली. या गावाचे पौराणिक नाव श्रीपूर होते, असेही सांगतात. श्री म्हणजे लक्ष्मी. म्हणजे नाव बदलले असे कोणी म्हणायचे कारण उरले नाही; जुने, पवित्र, मूळ नाव परत आले, एवढेच. गोंदा तेवढा राहिला. पण चांभार गेला की गोंद्याचा गोविंद व्हायला आणि गोविंदाचा देव व्हायला वेळ लागत नाही. श्रीगोंदे हे नाव ऐकून आज कोणाला चांभार आठवणार? उलट ज्याला आठवेल तो लक्ष्मी आणि गोविंद, म्हणजे विष्णू आणि त्याची पत्नी, असा अर्थ लावून मोकळा होईल. लोणारमध्ये विष्णू दैत्याला मारण्यासाठी आला. इथे मारामारीची गरजही पडली नाही.

इथपर्यंत लिहिणे सोपे आहे. खरी अडचण आपल्या दारात आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकायची. महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे त्यात सांगितले आहे. या निर्णयाचे आपण स्वागत केले आणि ते योग्यच होते. गाव कोणते, असे कोणी विचारले की आमच्या वडिलांच्या पिढीला गावाचे नाव सांगून भागत नसे. ‘गावात कुठे राहता?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असे, आणि त्याचे उत्तर दिले की पाण्याचा तांब्या पुढे येतो की मागे जातो ते कळत असे. वस्तीचे नाव हाच जातीचा दाखला होता. ते नाव जावे म्हणून ज्यांनी आयुष्य घातले त्यांच्यापुढे व्युत्पत्तीची भाषा करणे मला शोभणार नाही. नावासाठी काय मोजावे लागते हे मराठवाड्याने पाहिले आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे गेली.

तेव्हा महारवाडा हे नाव गेले पाहिजे. मग चांभारगोंदे हे नाव गेले तर तक्रार का?

दोन्ही नावांत जात आहे, पण ती ठेवणारा हात एक नाही. महारवाडा हे नाव गावाने, वेशीच्या आतून बोट दाखवून, ठेवले. तिथे राहणाऱ्या एकाही माणसाचे नाव त्यात नाही. त्यात फक्त जात आहे. चांभारगोंद्यात जातीच्या पुढे माणूस आहे. त्याला नाव आहे, त्याची कीर्ती आहे, आणि त्याची जात न लपवता त्याचा मान केलेला आहे. पहिले नाव पुसल्याने माणूस मोकळा होतो. दुसरे नाव पुसल्याने माणूसच जातो. शासनाचा कागद हा फरक करू शकत नाही, कारण त्याला शब्द तेवढे दिसतात. तो फरक आपल्याला करावा लागेल.

आणि यासाठी काही कामे तातडीने करण्यासारखी आहेत. वस्त्यांच्या पाट्या बदलत आहेत, ते चांगलेच आहे. पण पाटी बदलण्याआधी त्या वस्तीत बसून वहीत उतरवून घ्यावे. गावाच्या नावाची गोष्ट वस्तीत कशी सांगतात? देवळात सांगतात तशीच की निराळी? दैत्याच्या बहिणींचे पुढे काय झाले, असे एखाद्या म्हातारीला विचारले तर ती काय म्हणते? विहिरीला, ओढ्याला, बांधाला, मेलेली जनावरे टाकायच्या माळाला काय नावे होती? हाडकी, हाडोळा ही शेतांची नावे अजून कोणाच्या तोंडात आहेत आणि सातबारावर त्या तुकड्याला आज काय म्हणतात? वस्तीतला कोणी गवंडी, कोणी तमासगीर, कोणी भगत, कोणी दाई असा होता का, की ज्याच्या नावाने एखादी जागा ओळखली जाई? माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे प्रश्न लिहून देतो तेव्हा पहिल्या आठवड्यात ती रिकाम्या हातांनी परत येतात. ‘सर, आमच्या गावात अशी काही गोष्ट नाही,’ म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात आजीला विचारून आलेली एखादी मुलगी चार पाने भरून आणते.

लोणारच्या क्षाराच्या पाच नावांची यादी साहेबांनी करून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ती ठेवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्यांनी टिपले नाही. श्रीगोंद्याला जाणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, त्यांनी शेख महंमदांची समाधी पाहावी, जुने वाडे पाहावेत आणि मग चर्मकार वस्तीत जाऊन गोंद्याची काही आठवण कोणाकडे आहे का, हे विचारावे. मिळेल ती गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून या त्रैमासिकाकडे पाठवावी. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे नावही खाली लिहावे.